आग्रह कोणाचा?

विमा नियामकाने २००० साली जाहिरातींचे नियम केले आणि विम्याच्या जाहिरातींखाली बारीक अक्षरांत एक ओळ दिसू लागली. हिंदीत ती ‘बीमा आग्रह की विषयवस्तु है’ अशी छापली जाई. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांनी ती वर्षानुवर्षे वाचली. अर्थ फारच थोड्यांना लागला असावा. ‘विषयवस्तू’ हा शब्द तर आम्ही कथेच्या समीक्षेसाठीच राखून ठेवलेला!

मूळ इंग्रजी शब्द ‘सॉलिसिटेशन’. ज्या लॅटिन क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ ढवळणे, अस्वस्थ करणे. इंग्रजीत त्याचा अर्थ विनविणे, गळ घालणे असा झाला, तरी त्यातला संशय गेला नाही. वकिलाने कामासाठी अशील शोधीत फिरू नये, या बार कौन्सिलच्या नियमात तोच धातू आहे. देहविक्रयासाठी गिऱ्हाईक बोलाविण्यास शिक्षा सांगणाऱ्या १९५६ च्या कायद्याच्या आठव्या कलमातही तोच. मागणाऱ्याचा स्वार्थ त्या शब्दात गृहीतच असतो. जाहिरातीतील ओळीचे कामही वाचकाला सावध करण्याचे होते : येथे तुम्हांला काही विकले जात आहे.

हिंदी अनुवादकाला आम्ही फारसा दोष देणार नाही. हिंदीत ‘आपसे आग्रह है’ म्हणजे जवळपास विनंतीच. मराठीत मात्र आग्रह पंगतीत होतो, जिलबीचा होतो. लग्नपत्रिकेत ‘आग्रहाचे निमंत्रण’ असते. आमच्याकडे आग्रह करणारा वाढतो, देतो. विम्यात आग्रह करणारा हप्ता घेतो. ती ओळ मराठीत ‘आग्रहाचा विषय’ अशी जशीच्या तशी उतरवली, तर विक्रेता यजमानाच्या पाटावर जाऊन बसतो आणि सावधगिरीची सूचना आदरातिथ्यासारखी वाचली जाते.

हिंदीच्या शेजारात राहणाऱ्या आपल्या घरांत ही सरमिसळ सहज होते. ‘बैठकीस यावे, असा आग्रह आहे’ असे आपलीच मुले लिहितात, तेव्हा त्यांना साधी विनंतीच करायची असते. वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्यात हट्ट ऐकू येतो.

मग मराठीत काय लिहावे? ‘याचना’ फार दीन, ‘विनंती’ फार निरुपद्रवी. ‘गळ घालणे’ अर्थाने सर्वांत जवळचे, पण ते कोणती कंपनी छापील? आमच्या मते एकच शब्द शोधण्याचा हट्ट सोडून ‘ही जाहिरात विमा विकण्यासाठी दिली आहे’ असे सरळ वाक्य लिहावे.