स्मरणात राहणाऱ्या दोन व्यक्तिरेखा

शाहूवाडी तालुक्यातील नेर्ले हे विश्वास पाटील यांचे गाव. त्यांच्या ‘पानिपत’ (१९८८) व ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबऱ्यांतील दोन व्यक्तिरेखा वाचकाच्या मनात दीर्घकाळ रेंगाळतात. परंतु त्यांची कारणे भिन्न आहेत. सदाशिवरावभाऊंची शोकांतिका १७६१ च्या रणांगणावर पूर्ण होते. वाचक हळहळतो, तथापि तेथे इतिहासाचा निर्णय लागलेला असतो. धरणग्रस्तांसाठी झगडणारे खैरमोडे गुरुजी हे साधे शिक्षक. इतरांना पाणी मिळावे म्हणून ज्यांची गावे बुडाली, त्यांचे देणे कोणी फेडावयाचे, हा त्यांच्या जीवनातून उभा राहणारा प्रश्न ग्रंथ संपल्यावरही अनुत्तरित राहतो. भव्यतेत भाऊंहून उणी असलेली ही व्यक्तिरेखा म्हणूनच अधिक काळ अस्वस्थ करते.