माहुलीचे दुर्गावशेष आणि ठाणें गॅझेटियर

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखालीं इ. स. १८८२ त प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरचें ऋण इतिहासाभ्यासकांवर मोठें आहे. कोंकणांतील किल्ल्यांची इतकी माहिती तत्पूर्वीं एके ठिकाणीं क्वचितच मिळत असे. परंतु पुढील लेखकांनीं तेंच वर्णन उतरून घ्यावें आणि प्रत्यक्ष डोंगर तपासूं नये, हें इष्ट नव्हे. शहापूर तालुक्यांतील माहुली किल्ला घेऊन या ग्रंथाच्या पद्धतीचें परीक्षण करण्याचें आम्ही योजिलें आहे.

पहिला दोष रचनेचा. स्थलवर्णन वर्णानुक्रमानें दिल्यामुळें किल्ल्यांचा परस्परसंबंध तुटतो. माहुली थळघाटानें नाशिकाकडे जाणाऱ्या मार्गाजवळ आहे. मुरबाड तालुक्यांतील गोरखगड व सिद्धगड हे सह्याद्रीच्या धारेस लागून आहेत. आणि त्याच तालुक्यांतून नाणेघाट व माळशेज चढून जुन्नरास जातां येतें. घाटवाटांच्या क्रमानें वाचल्यावांचून हे किल्ले कोणासाठीं व कशासाठीं होते हें उमगत नाहीं.

दुसरा दोष साधनांचा. किल्ल्यांच्या स्थितीविषयीं गॅझेटियरचा भर बहुतांशीं कॅप्टन डिकिन्सन यानें १८१८ त केलेल्या पाहणीवर आहे. ही पाहणी लष्करी स्थापत्यकाराची. नुकत्याच हातीं आलेल्या किल्ल्याचा तट किती बळकट, वाट किती अवघड, हें त्यास पाहावयाचें होतें. तेथें माणसें कशीं राहत, पाणी व धान्य किती दिवस पुरे, हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा त्यास दोष नाहीं. परंतु त्याच्या दृष्टीस इतिहासकाराची दृष्टि समजणें हा आमचा दोष होईल.

यांतून निघणारा एक प्रश्न महत्त्वाचा आहे. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांनीं तेवीस किल्ले दिले, हें सर्वश्रुत आहे. त्या यादींत माहुली, पळसगड व भंडारगड हीं तीन नांवें पृथक् आहेत. वस्तुतः तिन्ही शिखरें एकाच डोंगराचीं. पुरंदर व रुद्रमाळ यांचेंही तसेंच. मग तेवीस हा आंकडा तेवीस स्वतंत्र ठाण्यांचा समजावा, कीं मोगलांनीं जोडकिल्ले वेगळे मोजून तो फुगविला असें म्हणावें? तहांतील हानीचें माप ह्यावर अवलंबून आहे. ह्याचें उत्तर केवळ कागदांत मिळणार नाहीं. पळसगडास व भंडारगडास स्वतःचें पाणी, स्वतःचा दरवाजा आणि शिबंदीच्या घरांचीं जोतीं असल्यास ते स्वतंत्र किल्ले. नसल्यास ते माहुलीचे बालेकिल्ले वा माच्या. केवळ ‘माहुली’ ह्या एका मथळ्याखालीं वाचणाऱ्यास हा प्रश्न सुचणेंही कठीण.

इ. स. १६३६ त शहाजीराजे निजामशाहीच्या बालराजासह येथें वेढले गेले व शेवटीं खानजमानास शरण आले. १६७० त मराठ्यांचा पहिला हल्ला फसला आणि जूनमध्यें गड परत आला. वेढा सोसण्याची शक्ति तटांत असते तशी टांक्यांतही असते. म्हणून आज झाडींत दडलेलीं टांकीं, पडक्या दरवाज्याच्या देवड्या व बुजत चाललेलीं जोतीं हींच ह्या घटनांचीं अलिखित साधनें होत.

वेल्स देशांत नॉर्मनांनीं मातीचे उंचवटे रचून भोंवतीं खंदक खणले व वर लांकडी कोट उभारले. लांकूड कुजलें, माती राहिली. १९०८ त स्थापन झालेल्या तेथील राजमंडळानें असले उंचवटेही मोजून नोंदविले. आमच्याकडे सह्याद्रीचा कडाच तट झाला, म्हणून मानवी कृति थोडी व ती लौकर नष्ट होणारी. ज्यांच्याकडे मातीचे ढीग तेवढेच उरले त्यांनीं ते मोजावे, आणि आम्हीं घडीव दगडाचीं जोतींही न मोजतां सोडावीं, हें शोभणारें नाहीं.

माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यांत आहे. वनस्पतींच्या मुळ्या व कोंकणचा पाऊस आपलें काम करीतच राहणार. तेव्हां वनखात्याची अनुज्ञा घेऊन तिन्ही शिखरांचा प्रमाणबद्ध नकाशा करावा, प्रत्येक टांक्याची मापें घ्यावीं, आणि मगच तेवीस किल्ल्यांची चर्चा करावी. तोंपर्यंत गॅझेटियर हें आरंभीचें साधन मानावें; निर्णय मानूं नये.