कडीपाटाची वरची बाजू

उरवड्यासारख्या मुळशीतल्या गावात एखाद्या जुन्या घराचा जिना चढून आपण माडीवर येतो, तेव्हा पायाखाली काय आहे ते सहसा दिसत नाही. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चोपून बसवलेली माती आणि तिच्यावर वर्षानुवर्षांचं सारवण, अशी ती जमीन. कडीपाटाचं सगळं लावण्य खालच्या माजघरासाठी राखलेलं असतं; तिथे मान वर केली की रंध्याखालून गेलेल्या फळ्या, कड्यांच्या गोलसर कडा आणि क्वचित एखादं कोरीव फूल नजरेला पडतं. वरून मात्र हाच कडीपाट माती पांघरून असतो. म्हणून घराची डागडुजी निघते, तुळयांवरचा भार कमी करायचा म्हणून ती माती उकरली जाते आणि फळ्यांच्या पाठीला पहिल्यांदाच माडीवरचा उजेड लागतो, तेव्हा आपल्यासमोर जे येतं ते डोळे भरून पाहावं असं असतं.

ताठ केसांच्या ब्रशाने धूळ झाडावी, ओल्या फडक्याने एक हात फिरवावा आणि खिडकीतून तिरपं ऊन येईपर्यंत थांबावं. त्या तिरप्या उजेडात फळीभर उथळ, लांबट खळगे उमटतात. हे लाकूड तासायच्या वाकसाचे घाव. ही बाजू मातीखाली जाणार हे सुताराला ठाऊक होतं, त्यामुळे त्याने इथे रंधा फिरवला नाही. वाकसाने ओबडधोबड सारखी केली आणि फळी बसवली. पण त्या ओबडधोबडपणात केवढी लय आहे पाहा! एकामागून एक घाव जवळजवळ सारख्या अंतराने, एकाच कलाने पडत गेलेत; मध्येच गाठ आली की घाव आखूड होतात, हात दिशा बदलतो, लाकडाच्या शिरांना वळसा घालून पुन्हा मूळ वाटेला लागतो. खालच्या गुळगुळीत बाजूवर सुताराचं कसब दिसतं, पण त्याचा हात दिसतो तो इथे, कोणासाठीच न सजवलेल्या या पाठीवर. मला हीच बाजू अधिक प्रिय आहे.

आता हीच जमीन वापरात आणायची तर काय करावं? घासायचं मशीन आणून चाळीस नंबरच्या कागदाने सगळं सपाट करावं आणि वर चकचकीत रोगण चढवावं, हा मार्ग सोपा आहे आणि तासाभरात ते सगळे घाव पुसून टाकणारा आहे. त्यापेक्षा हाताने, शिरांच्या दिशेने, ऐंशी नंबरच्या आणि मग एकशेवीस नंबरच्या कागदाने फक्त मातीचा डाग आणि उभे राहिलेले तंतू काढावेत. जिथे कुसळ पायात शिरेल अशा कडांना तेवढा रंधा लावावा. तोही पुन्हापुन्हा पाजळावा लागेल, कारण या फळ्या सागाच्या, आणि सागाच्या अंगात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात आणि ते चांगल्या पोलादाची धार खातात.

साग असा उघडा पडला की त्याचा रंग प्रथम बुचकळ्यात पाडतो. कुठे हिरवट झाक, कुठे काळसर पट्टा, शेजारची फळी फिकट. आणि सगळ्या खोलीत जुन्या चामड्यासारखा तेलकट वास. इथे घाई करून रंग देऊ नये. उजेड लागत गेला की काही आठवड्यांत हे सगळे सूर जुळत जुळत सोनेरी तपकिरीवर येतात. लाकडाच्या पोटातलं तेल पॉलिशला नीट धरू देत नाही, म्हणून आधी टर्पेंटाइनचं फडकं फिरवावं. मग जवसाच्या बेलतेलाचा पातळ हात, उरलेलं तेल पुसून घ्यावं, आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा. (तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, पसरून वाळवावीत, बोळा करून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आणि घर लाकडाचं आहे.)

फटींचंही असंच. चैत्रात दोन फळ्यांमधून खालच्या माजघरातला दिवा दिसतो आणि ती फट बुजवायला हात शिवशिवतात. पण हा आंबेमोहराचा, मुसळधार पावसाचा मुलूख. आषाढात हवा ओलीचिंब झाली की फळी लांबीत नाही, रुंदीत फुगते आणि ती फट आपणहून मिटवते. उन्हाळ्यात भुसा आणि सरस ठासून भरला तर पावसाळ्यात तो तरी बाहेर फेकला जातो, नाहीतर फळ्या तरी पोट वर काढतात. या फटी सुताराने ऋतूंसाठी सोडलेली जागा आहेत.

एखादी फळी मात्र भिंतीकडून गळतीने कुजलेली निघते आणि बदलावीच लागते. अशा वेळी जुन्यात नवं कसं सामावतं हे समजायला पुण्याच्या विश्रामबाग वाड्याकडे पाहावं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि पुढे पुन्हा उभा राहिला, मग पालिकेच्या कचेरीची वर्दळही त्याने सोसली. एकाच वास्तूत निरनिराळ्या काळांचं लाकूड नांदतं आणि त्याने तिची शोभा उणावत नाही. आपल्या माडीवरही नव्या फळीला काळपट रंग फासून जुनी भासवू नये. मोडलेल्या जुन्या दाराची, पडवीतल्या एखाद्या खांबाची फळी मिळाली तर उत्तमच. मराठी राज्याच्या कारभारावरच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये अशी ताकीद आहे, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली. उपसलेल्या फळीकडे पाहताना तीच काळजी मनात यावी. ती ज्यातून घडली तो साग कित्येक दशकं सरळ वाढला होता. तिचा कुजलेला वीतभर भाग कापून उरलेला तुकडा जिन्याच्या पहिल्या पायरीला हमखास पुरतो.