शेवटची गाडी : मोटारींचा समूहप्रवास, त्याची आखणी व त्याचें वाङ्मय

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठींत नवा नाहीं. पंडिता रमाबाईंचें अमेरिकेचें प्रवासवृत्त १८८९ सालीं प्रसिद्ध झालें; विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून निघाला. त्यानंतर आगगाडीनें, आगबोटीनें व विमानानें केलेल्या प्रवासांचीं वर्णनें आपल्याकडे विपुल झालीं, आणि त्यांपैकीं कांहीं मराठी गद्याचीं भूषणें ठरलीं. अलीकडे या पंक्तींत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. मोटारींचा नाद असलेल्या मंडळींनीं दहा-पंधरा गाड्या एकत्र काढून केलेल्या लांबच्या सहलींचें वर्णन, हा तो पाहुणा होय. त्याचें स्वागत करण्यास हरकत नाहीं. परंतु त्याची विचारपूस मात्र केली पाहिजे.

हीं वर्णनें वाचतांना एक उणीव पदोपदीं जाणवते. त्यांत गाडी असते, घाट असतो, किती किलोमीटर झाले याचा हिशेब असतो, कोठें काय खाल्लें याचाही तपशील असतो. सोबतीचीं माणसें तेवढीं नसतात. बारा गाड्यांचा ताफा निघाला असें पहिल्या पानावर वाचावें आणि शेवटच्या पानापर्यंत एकच गाडी धांवत राहावी, असा चमत्कार येथें नेहमीं घडतो. उरलेल्या अकरा गाड्या वाटेंत कोठें गेल्या, हें लेखकासही ठाऊक नसतें. याचा दोष लेखकाच्या भाषेस देणें सोपें आहे. आमच्या मतें दोष भाषेचा नसून आखणीचा आहे. लांबच्या प्रवासाचा पहिला मसुदा नकाशावर व वेळापत्रकांत लिहिला जातो. प्रवासवर्णन हें त्याचें नंतरचें संस्करण. मसुद्यांत जीं माणसें नव्हतीं तीं संस्करणांत कोठून येणार ? म्हणून टीकाकारानें प्रथम आखणीचीच परीक्षा करावी, हें न्याय्य आहे.

ही चर्चा छत्रपती संभाजीनगरांत व्हावी यांत एक औचित्य आहे. २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, हें शहर औरंगाबाद या नांवानें ओळखलें जात असतां, येथील मंडळींनीं एकत्र येऊन एकाच दिवशीं सुमारे दीडशें मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटि रुपयांचा होता, आणि त्याची वार्ता देशभर पसरली. मराठवाड्यासारख्या मागासलेल्या म्हणून हिणविल्या जाणाऱ्या प्रांतांतील एका शहरानें आपलें अस्तित्व अशा रीतीनें जाहीर करावें, यांत अभिमानाचा भाग होता, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु त्या घटनेंतून जो धडा सर्वांनीं घेतला तो प्रवासाच्या कामीं उपयोगी पडणारा नाहीं. खरेदींत संख्या ही शक्ति असते. गिऱ्हाइकें जितकीं अधिक तितकी सवलत अधिक. प्रवासांत नेमकें उलट घडतें. तेथें वाढलेली प्रत्येक गाडी हें सर्वांवरचें एक वाढीव ओझें असतें. एकत्र विकत घेणें एका दिवसांत उरकतें; एकत्र जाणें रोज सकाळीं नव्यानें करावें लागतें.

हें ओझें किती, याचा हिशेब साध्या अंकगणितानें करतां येतो. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत सुमारे २८ मीटर अंतर कापते. दोन गाड्यांमध्यें तीन सेकंदांचें अंतर ठेवावयाचें म्हटलें तर तें सुमारे ८४ मीटर होतें, आणि बारा गाड्यांची रांग जवळजवळ एक किलोमीटर लांब होते. सरळ रस्त्यावर हें चालून जातें. पण कन्नडचा घाट लागला कीं वळणें आड येतात, आणि पुढच्याला मागचा दिसेनासा होतो. पंपावर दोन नळ्या मोकळ्या मिळाल्या व प्रत्येक गाडीस पांच मिनिटें लागलीं, तरी बारा गाड्यांस अर्धा तास हवा. एकट्या गाडीचा दहा मिनिटांचा चहा ताफ्याचा पाऊण तास घेतो. तथापि बहुतेक वेळापत्रकें एकट्यानें केलेल्या प्रवासाच्या अनुभवावरूनच बेतलेलीं असतात. पहिल्या दिवशींच तीं चुकतात; मग चुकलेला वेळ भरून काढण्यासाठीं पुढच्या गाड्या वेग वाढवितात, आणि मागच्या गाड्या त्यांना गांठण्यासाठीं त्याहूनही वेगानें धांवतात. ताफ्यांत खरा धोका असतो तो या मागून गांठण्याच्या धडपडींत.

या प्रकारच्या प्रवासाचा आद्य ग्रंथ म्हणून लुईजी बार्झिनी या इटालियन वार्ताहराच्या पेकिंग-पॅरिस प्रवासवर्णनाकडे बोट दाखवावें लागेल. योगायोग असा कीं, तो प्रवासही 'माझा प्रवास' छापला गेला त्या १९०७ सालींच घडला. पॅरिसच्या 'ल मातें' पत्रानें दिलेल्या आव्हानास अनुसरून त्या वर्षीं १० जूनला पेकिंगहून पांच गाड्या निघाल्या. प्रिन्स शिपिओने बोर्गेझे याची इटाला १० ऑगस्टला पॅरिसला प्रथम पोहोंचली. दुसऱ्या गाड्यांस आणखी सुमारे तीन आठवडे लागले. बोर्गेझेची तयारी आजही आदर्श मानली जाते. निघण्यापूर्वीं गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काठी घेऊन तो घोड्यावरून पेकिंगच्या उत्तरेकडील डोंगरवाटा मोजीत हिंडला. जेथें काठी आडवी मावेल तेथें गाडी जाईल, हा त्याचा साधा व बिनचूक हिशेब होता.

परंतु ती काठी त्याच्या स्वतःच्या गाडीची होती, हें विसरतां कामा नये. रुंदीच्या प्रश्नांत तें माप इतरांसही पुरलें, कारण इटाला ही त्यांत सर्वांत अवजड गाडी होती. तहानेच्या प्रश्नांत मात्र तें अपुरें पडलें. पांचांतील एक वाहन तीन चाकांचें, हलकें व दुबळें होतें. ओग्यूस्त पोंस त्यावर होता. गोबीच्या वाळवंटांत त्याचें इंधन संपलें, तें वाहन तेथेंच टाकून द्यावें लागलें, आणि त्याच्या स्वाऱ्यांचे प्राण कंठाशीं आले. पुढें गेलेल्या गाडीच्या वर्णनांत ही घटना अर्थातच आंतून येऊं शकत नाहीं. बार्झिनीचें पुस्तक थोर आहे; एत्तोरे ग्विझार्दी हा बोर्गेझेचा मिस्त्री त्यांत जिवंत उभा राहतो, आणि एवढ्याबद्दलही आम्ही त्यास मोठेपणा देऊं. तरीसुद्धां तें पहिल्या गाडीचें महाकाव्य आहे. गोबींत मागें राहिलेल्या माणसाचें पुस्तक निराळें झालें असतें.

अडचण बदलली कीं शेवटची गाडीही बदलते, हा या कथेचा मथितार्थ आहे. अरुंद वाटेवर सर्वांत रुंद गाडी शेवटची. लांब ओसाड पल्ल्यावर सर्वांत लहान टाकीची. उंचीवर ज्याची छाती सर्वांत दुबळी त्या माणसाची. मनालीहून लेहकडे जातांना टांडीच्या पंपापाशीं, पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षें उभी होती. तिच्यापुढें उभें राहून आपल्या टाकीचा विचार करणारा मनुष्य केवळ प्रवासी; सर्वांत लहान टाकीचा विचार करणारा मनुष्य आखणीकार. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथें पोहोंचल्यावर दोन दिवस स्वस्थ बसणें ज्यांस वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनीं ताफ्यांतील सर्वांत वयस्क माणसाच्या श्वासाकडे लक्ष द्यावें.

या दृष्टीनें टिम स्लेसर यांचें १९५७ सालचें 'फर्स्ट ओव्हरलँड' हें पुस्तक अधिक समंजस वाटतें. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सहा विद्यार्थी १९५५ सालीं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले व १९५६ च्या मार्चांत सिंगापूरला पोहोंचले. सहाही जणांस कामें वांटून दिलेलीं होतीं : एकाकडे हिशेब, एकाकडे शिधा, एकाकडे यंत्रें, एकाकडे चित्रण. प्रत्येकाचें काम इतरांस आवश्यक असल्यामुळें कोणीच अनावश्यक उरला नाहीं, आणि म्हणून पुस्तकांतूनही कोणी गळला नाहीं. आखणीचें पुण्य वाङ्मयाच्या पदरांत कसें पडतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

पण आपणांस इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. समूहानें दूर जाण्याची विद्या महाराष्ट्रास पिढ्यान् पिढ्या अवगत आहे. आमच्या जिल्ह्यांतील पैठणहून नाथांची पालखी दर वर्षीं पंढरपुरास जाते. आळंदीहून ज्ञानोबांची जाते. माउलींच्या सोहळ्याची शिस्त आखणीकारानें अभ्यासावी अशी आहे. कोणत्या दिंडीनें रथाच्या पुढें चालावें व कोणत्या मागें, याचे क्रमांक ठरलेले असतात. पुण्यास दोन मुक्काम झाल्यावर दिवे घाटाची चढण असलेला सासवडचा मोठा पल्ला येतो, आणि सासवडला पुन्हां दोन मुक्काम. कठीण टप्प्याच्या अगोदर विसांवा व नंतरही विसांवा, हें तत्त्व कोणा तज्ज्ञाच्या ग्रंथांतून आलेलें नाहीं. घाटांत रथास जादा बैलजोड्या लावतात. ज्याला चढ जड, त्याला मदत आधीं. सायंकाळीं समाजआरतीच्या वेळीं चोपदारानें दंड उंचावला कीं अफाट समुदाय स्तब्ध होतो. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, आणि ती तक्रार ऐकून घेतल्यावांचून पुढचें कार्य होत नाहीं. हरवलें-सांपडलें पुकारलें जातें, उद्यां निघण्याची वेळ सांगितली जाते. इतक्या लोकांत एका दिंडीचा असंतोष ऐकूं यावा, अशी योजना आमच्या बारा गाड्यांच्या ताफ्यांत कितीशी असते ?

तथापि वारीचीही पूजा डोळे मिटून करूं नये. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या १९४९ सालच्या संग्रहांतील 'वाटचाल' हा लेख या बाबतींत आपला खरा मार्गदर्शक आहे. दिवसभर एका दिंडींत, एका अभंगांत चालणारीं माणसें जेवावयास मात्र जातीजातीनें वेगळीं बसतात, हें शल्य त्यांनीं तेथें लपविलें नाहीं. चालण्याची आखणी एकीची असून पंगतीची आखणी दुजाभावाची असूं शकते, हें त्या लेखानें दाखविलें. आणि भक्तिभाव कायम ठेवूनही तें पाहतां येतें, हें त्या लेखाचें मोठेपण.

तीच दृष्टि मोटारींच्या ताफ्याकडे वळवावी. बहुतेक ताफ्यांत सामानाची, सुट्या भागांची व मिस्त्रीची एक गाडी सर्वांच्या मागून येते, आणि तिचा चालक पगारी असतो. हौशी मालक आपापल्या गाड्या स्वतः हांकतात; त्यांच्यासाठीं खोल्या महिनाभर आधीं ठरलेल्या असतात. या चालकानें कोठें निजावें हें वेळापत्रकांत लिहिलेलें नसतें, म्हणून तो गाडींतच निजतो, किंवा निजतच नाहीं. दुसऱ्या दिवशीं तोच सर्वांच्या मागें, सर्वांस गांठण्यासाठीं धांवत असतो. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. २०२५ च्या जूनमध्यें तो पूर्ण खुला झाला, आणि मोटारींस त्यावर ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. त्याच मार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन ती पेटली व २५ जण प्राणांस मुकले. त्या अपघाताच्या कारणांची मीमांसा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण सरळ, एकसुरी व वेगवान रस्त्यावर रात्र आणि थकवा यांच्याशीं पैज लावूं नये, इतकें समजण्यास मीमांसेची गरजही नाहीं. ज्या आखणींत पोहोंचण्याची वेळ छापलेली असते आणि निजण्याची नसते, ती आखणी अपुरी आहे.

यावर हौशी मंडळी म्हणतील कीं, वेग हाच आमचा आनंद. शेवटच्या गाडीच्या चालीनें जावयाचें तर मोटार कशाला, पालखीच बरी! आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. ज्यास वेगाचा आनंद घ्यावयाचा आहे त्यानें तो एकट्यानें, नियमांच्या मर्यादेंत अवश्य घ्यावा. परंतु ज्यानें बारा गाड्यांची नांवें एका कागदावर लिहिलीं, त्यानें बारांची चाल पत्करली. यासाठीं फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाहीं. प्रत्येकानें आरशांत आपल्या मागची गाडी पाहावी. ती दिसेनाशी झाली कीं वेग कमी करावा. मग त्याच्या पुढचाही कमी करील, आणि शेवटच्या गाडीची अडचण फोन न करतां पहिल्या गाडीपर्यंत जाऊन पोहोंचेल. सर्वांत अनुभवी चालक सर्वांच्या पुढें नव्हे, सर्वांच्या मागें असावा. आणि मुक्कामाच्या खोल्या मोजतांना माणसें मोजावीं, मालक मोजूं नयेत.

राहतां राहिला वाङ्मयाचा प्रश्न. ताफ्याची वही बहुधा पुढारी गाडींत असते, आणि तींतून निघालेलें वर्णन स्वभावतःच रस्त्याचें होतें. कारण पुढारी गाडीसमोर रस्त्यावांचून दुसरें कांहीं नसतें. ती वही एकदां मिस्त्रीच्या गाडींत ठेवून पाहावी. तिच्या कांचेंतून साऱ्या गाड्या दिसतात : कोण थांबला, कोणासाठीं कोण थांबला, आणि कोण न थांबतां निघून गेला.