सामायिक प्रयोगपीठ आणि वर्गातील प्रयोग : एक परीक्षण

संगणकांची जाळी हा विषय अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात स्थिरावून आता बराच काळ लोटला आहे. त्याच्या प्रात्यक्षिकाचे स्वरूप मात्र आपल्याकडे सामान्यतः ठरीव आहे. विद्यार्थी एकाच संगणकावर एक सिम्युलेटर चालवितो. त्यात काही कल्पित संगणक व त्यांना जोडणाऱ्या कल्पित तारा मांडतो. आणि पाठ्यपुस्तकातील आलेखासारखा आलेख पडद्यावर उमटला म्हणजे प्रात्यक्षिक पुरे झाले असे समजले जाते. याच्या शेजारी दुसरा एक प्रघात गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत रूढ झाला आहे. अनेक विद्यापीठांनी मिळून वापरावयाची प्रयोगपीठे उभी राहिली, आणि संशोधकांसाठी उभारलेल्या या पीठांवर वर्गातील विद्यार्थ्यांनाही प्रयोग करण्यास वाव मिळू लागला. या प्रघाताचे गुणदोष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, वर्गातील प्रयोग हा शेवटी एक लेख असतो. तो वहीत लिहिला जातो, तपासला जातो आणि त्यावर गुण दिले जातात. लेखनाचा साचा काय पाहू देतो आणि काय झाकतो, हा भाषेच्या अभ्यासाचाच प्रश्न होय. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : सामायिक प्रयोगपीठाचे शैक्षणिक मूल्य त्यावरील प्रयोगाचे उत्तर दर वेळी सारखे येत नाही यातच आहे, आणि आपल्या प्रयोगवहीचा साचा नेमके तेच मूल्य पुसून टाकतो.

१

प्रथम नावाचा विचार करू. इंग्रजीतील ‘टेस्टबेड’ हा शब्द कारखान्यातून आलेला आहे. इंजिन वा पंप तयार झाला की तो एका भक्कम ओट्यावर पक्का बसवून चालवावयाचा आणि त्याची शक्ती, विसर्ग व खर्च मोजावयाचा, ही ती कल्पना. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीमुळे सांगलीच्या वाचकाला ती परकी वाटू नये. अशा ओट्यावर पंप एकटा असतो. त्याच्यावरचा भार परीक्षकाने ठरविलेला असतो. आज घेतलेली मोजणी उद्या जुळली नाही, तर दोष पंपात किंवा मोजमापाच्या साधनात शोधावयाचा.

जाळ्यांच्या प्रयोगपीठांना हे नाव दिले गेले तेव्हा त्याबरोबर हा एकटेपणाचा अर्थही आला. काही पीठांना तो लागू पडतो. यूटा विद्यापीठाने इसवी सन २००० च्या सुमारास उभारलेल्या एम्युलॅब या पीठावर प्रयोगकर्त्याला काही संगणक ठरावीक काळापुरते सर्वस्वी स्वतःचे म्हणून मिळत. विलंब किती असावा, शंभरात किती पॅकेटे हरवावीत, हे तो स्वतः ठरवी. हा खरोखर कारखान्यातील ओटा होय. २००२ मध्ये सुरू झालेले प्लॅनेटलॅब मात्र जातीने निराळे होते. जगभरच्या विद्यापीठांनी आपापले संगणक त्यात घातले. पुढे त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. प्रत्येक प्रयोगकर्त्याला या सर्व यंत्रांवर एक-एक वाटा मिळे. त्याच यंत्रावर त्याच क्षणी दुसऱ्या कोणाचा प्रयोग चालू असे, आणि यंत्रांमधील वाट तर सर्व जगाच्या वापराचीच होती. येथे भार कोणी ठरवीत नसे. तो असे तसा घ्यावा लागे.

ही दोन पीठे एका शब्दाखाली येतात म्हणून त्यांवरील प्रयोगांना एकच कसोटी लावली जाते. पहिल्यावर उत्तर बदलले तर काही तरी बिघडले आहे. दुसऱ्यावर उत्तर बदलले तर काही तरी कळले आहे. हा भेद ध्यानात न घेता केलेले अध्यापन विद्यार्थ्याला गोंधळात टाकते.

२

जाळ्यांविषयीचे महत्त्वाचे ज्ञान सामायिक वापरातूनच कसे उपजले, याचे ठळक उदाहरण १९८६ चे आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यामधील दळणवळण एकाएकी मंदावले. दोन्ही स्थळांमध्ये अंतर अवघे चारशे यार्डांचे. परंतु सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर, म्हणजे आठशेपट खाली, आला. कोणतेही यंत्र मोडलेले नव्हते. पॅकेट पोचले नाही असे दिसताच प्रत्येक संगणक ते पुन्हा धाडीत होता, आणि सर्वांनी मिळून केलेल्या या पुनरुक्तीनेच वाट बुजली होती. व्हॅन जेकबसन यांनी यावर शोधलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला : प्रारंभ हळू करावा, वाट मोकळी दिसेल तसा वेग थोडाथोडा वाढवावा, आणि पॅकेट हरवले की तो एकदम उतरवावा. टीसीपी या संकेताचे कोंडी-नियंत्रण आजही याच पायावर उभे आहे. हा उपाय ज्या दोषावर होता, तो एकट्या संगणकाच्या ओट्यावर दिसलाच नसता.

दुसरे उदाहरण आपल्या परिसरातील आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतालची कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला गावातच शेतीविषयक माहिती, बाजारभाव व शासकीय सेवा मिळाव्यात, ही अपेक्षा होती. पुढे संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर पाहिला तेव्हा असे दिसले की, त्यांचा मुख्य उपयोग साखर कारखान्याच्या नोंदींची ने-आण करण्यासाठी होत होता. तेवढ्या कामाला साधा मोबाइल संच पुरेल, असा विचार करून सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइल संदेशांची व्यवस्था लावून पाहण्यात आली. तिचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ आराखड्याचे कितीही बारकाईने सिम्युलेशन केले असते, तरी हे ज्ञान हाती आले नसते. कारण आराखड्यात जाळे होते, त्याचा वापर करणारी माणसे नव्हती.

भाषेच्या अभ्यासात हा भेद जुना आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी ठिकठिकाणच्या बोलींतून उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे मागविण्यात आली. त्यातील मराठीचा खंड १९०५ चा आहे. सर्वांना एकच उतारा दिल्यामुळे तुलना सोपी झाली, हा त्या पद्धतीचा मोठाच गुण. परंतु भाषांतर करून मिळालेले वाक्य बोलणारा काय बोलू शकतो हे सांगते. तो आठवडे-बाजारात काय बोलतो हे सांगत नाही. सिम्युलेटर म्हणजे असा दिलेला उतारा होय. सामायिक प्रयोगपीठ म्हणजे बाजार. अभ्यासकाला दोन्ही हवेत, पण एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या नावावर मांडू नयेत.

३

आता वर्गातील प्रत्यक्ष प्रयोग घेऊ. समजा, साताऱ्यातील एक संगणक व सांगलीतील एक संगणक यांमध्ये पॅकेट जाऊन परत येण्यास किती वेळ लागतो, हे मोजावयाचे आहे. रस्त्याने हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; म्हणजे जाऊन-येऊन १.२ मिलिसेकंद पुरावेत. परंतु तार कऱ्हाडावरून सरळ येते की पॅकेट मुंबईला जाऊन उलटे येते, हे नकाशा सांगत नाही. मुंबईमार्गे एका दिशेचे अंतर सव्वासहाशे किलोमीटरांच्या घरात जाईल आणि वेळ सहा मिलिसेकंदांच्या खाली येणारच नाही.

विद्यार्थ्याने दिवसभरात दर दहा मिनिटांनी अशी मोजणी घेतली, तर त्याच्यापुढे दीडशेच्या आसपास आकडे येतील. त्यांतील सर्वांत लहान आकडा वाटेची लांबी सुचवितो. कारण रांग कितीही ओसरली तरी अंतर कमी होत नाही. त्या आकड्याच्या वर जे जे चढले आहे, ते इतरांच्या वापराचे माप होय : सकाळी किती, कचेऱ्या भरल्यावर किती, रात्री जेवणानंतर किती. दोन निराळ्या गोष्टी एकाच स्तंभात मिसळून आल्या आहेत आणि त्या सोडविता येतात, हे कळणे हाच या प्रयोगाचा खरा पाठ आहे.

आपली प्रयोगवही येथे काय करते? तिच्यात तीन मोजण्यांसाठी तीन रकाने असतात आणि चौथा रकाना ‘सरासरी’चा असतो. सरासरी काढताच वाटेची लांबी आणि शेजाऱ्यांची गर्दी पुन्हा एकमेकींत कालवली जातात. उरलेला आकडा कशाचाच नसतो. सातारची बोली आणि सांगलीची बोली यांची सरासरी कोणीही बोलत नाही, तसेच हे आहे.

साच्याचा दुसरा दोष वाक्यरचनेचा आहे. ‘असे आढळून आले’, ‘असे दिसून येते’ या ठशाची वाक्ये निरीक्षणाखाली लिहावीत, अशी शिकवण असते. मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द शास्त्रातही आहे व व्याकरणातही आहे, आणि येथे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मराठीचा कर्मणी प्रयोग कर्त्याला गाळीत नाही. ‘तिने वेळ मोजला’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तरी मोजणारी समोर उभी असते. प्रयोगवहीतील वाक्य मात्र कर्ता, काळ व स्थळ या तिघांनाही वगळते. कारखान्यातील ओट्यावर हे खपून जाते, कारण तेथे कोणी व केव्हा मोजले याने फरक पडत नाही. सामायिक पीठावर कोणी, कोणत्या यंत्रावरून, कोणत्या वेळी मोजले, हेच निरीक्षणाचे अर्धे अंग आहे. ते गाळलेले वाक्य नम्र किंवा वस्तुनिष्ठ नसून केवळ अपुरे आहे.

परदेशी पीठ वापरताना ही अपुरी नोंद आणखी घातक ठरते. सांगलीत सकाळी अकरा वाजता वर्ग भरतो तेव्हा यूटामध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. तेथील गर्दीचा काळ निराळा, आपला निराळा. शिवाय विद्यार्थ्याच्या कळपट्टीपासून तेथील यंत्रापर्यंतचा फेरा दोनशे मिलिसेकंदांहून अधिक असतो, आणि अक्षरे अडखळत उमटलेली पाहून तो पीठावरील जाळेच संथ आहे असे समजतो. वस्तुतः तो मोजीत असतो ती तेथील दोन यंत्रांमधील वाट. आपण तेथे पोचतो ती वाट वेगळी. ‘कोठून कोठे’ हा रकाना वहीत असता, तर हा घोटाळा आपोआप उघडा पडता.

४

या प्रघातावर घेतले जाणारे आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, नवशिक्याला प्रथम स्थिर उत्तर हवे. हे मान्य केले पाहिजे. कोंडी-नियंत्रणाचा करवतीसारखा आलेख प्रथम सिम्युलेटरवर किंवा एकट्या ओट्यावरच पाहावा. या दृष्टीने केंद्र शासनाच्या आभासी प्रयोगशाळांचा उपक्रम उपयुक्तच आहे. प्रश्न तेथेच थांबण्याचा आहे. दुसरा आक्षेप परीक्षेचा. साठ विद्यार्थ्यांची साठ उत्तरे निराळी आली तर गुण कसे द्यावेत? उत्तर असे की, गुण आकड्याला न देता आकड्याच्या कारणमीमांसेला द्यावेत. हे कष्टाचे आहे, परंतु निबंधाच्या परीक्षकाने हे कष्ट आजवर घेतलेच आहेत. आणि सर्वांचे उत्तर एक असते तेव्हा वही उतरवून काढणे किती सोपे होते, हे अध्यापकांना सांगावयास नको.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही पीठे परक्यांच्या अनुदानावर चालतात आणि अनुदान संपले की मिटतात. प्लॅनेटलॅब २०२० मध्ये बंद झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने उभारलेले जेनी २०२३ मध्ये आटोपले. त्यांच्यासाठी रचलेले पाठ इतर पीठांवर नव्याने बसवावे लागले. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट उभे राहिले, २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास मंजुरी मिळाली. पण ही मुख्यतः वाहतुकीची जाळी आहेत. विद्यार्थ्याने मुद्दाम कोंडी करून पाहावी, यासाठी ती नाहीत व नसावीत.

म्हणून लहान प्रमाणावर स्वतःचे सामायिक पीठ उभारणे हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७), कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०), साखराळे येथील राजारामबापू संस्था (१९८३) आणि साताऱ्यातील महाविद्यालये एकाच पट्ट्यात आहेत. प्रत्येकाने वापरातून काढलेले तीन-चार संगणक लिनक्स घालून दिले, तरी आरंभ होऊ शकेल. विलंब व गळती घालण्याची सोय त्या प्रणालीतच आहे. यंत्रे वाटून घेण्याची रीतही आपल्याला नवी नाही. कालव्याच्या पाण्याला पाळी असते, आणि कोणाची पाळी केव्हा हे लिहून ठेवलेले असते. इंग्रजीतील ‘स्लॉट’ला ‘पाळी’ व ‘स्लाइस’ला ‘वाटा’ हे शब्द या प्रदेशातील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागणार नाहीत. आणि पाळी चुकविली तर शेजाऱ्याचे रान कोरडे राहते, ही जाणीवही त्या शब्दाबरोबर येते.

परंतु पीठ उभे राहण्याची वाट न पाहता एक सुधारणा आजच करता येईल. प्रयोगवहीतील ‘सरासरी’चा रकाना काढून तेथे किमान, कमाल व मोजणीची वेळ असे तीन रकाने घालावेत; निरीक्षणाचे वाक्य कर्त्यासह लिहावे; आणि अपेक्षित उत्तराहून निराळे उत्तर आले असता त्याचे कारण लिहिण्यास अर्धे पान राखून ठेवावे. यासाठी अनुदान लागत नाही, अभ्यासमंडळाची एक बैठक पुरेल. ही सुधारणा न करता उद्या कितीही उत्तम प्रयोगपीठ हाती आले, तरी विद्यार्थी त्यावर मोजणी करील आणि वहीत पाठ्यपुस्तकातील आकडा लिहील.