दिनूच्या घरी गेलेले नाना-नानी

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त थोरला दिनू अमेरिकेत आहे, धाकटा लढाईत गेलेला आहे आणि मागे नाना-नानी उरले आहेत. नाटक त्यांच्या घराबाहेर पडत नाही. शेवटी ते दोघं जगणं संपवतात तेव्हा प्रेक्षकाचा राग सहज दिनूवर जातो.

हा राग मला आता सोयीचा वाटतो. नागपुरात इंजिनिअरिंग केलेला माझ्या वयाचा कुणीही हे नाटक वाचताना दिनूच्याच जागी असतो. आणि आजचा दिनू फोनवर म्हणतो, "आई, बाबा, तुम्हीच इकडे या." खरं तर इथे नाना-नानींचा प्रश्न सुटायला हवा. तो सुटत नाही.

म्हातारपणी परदेशात जाऊन राहायचं तर आधी कागदपत्रं जमवावी लागतात. पाहुणे म्हणून अमेरिकेत गेलं तर एका वेळी साधारण ६ महिने राहता येतं. मुलगा तिथला नागरिक झाला की आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो. पण मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा हवा, तर वय ६५ पूर्ण लागतं आणि तिथे सलग ५ वर्षं राहिलेलं असावं लागतं. तोवर गुडघे आणि हृदय खासगी विम्याच्या भरवशावर. इकडे पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाच. आपण जिवंत आहोत हे एका देशाला पटवायचं आणि इथेच राहतो हे दुसऱ्याला.

या माणसांचं नाटक माझ्या वाचनात आलेलं नाही. महेश एलकुंचवारांच्या वाडा-त्रयीतही बाहेर पडतात ते तरुण. सुधीर मुंबईला जातो, अभय परदेशात जाऊन 'युगान्त'मध्ये परत येतो. 'वाडा चिरेबंदी'तली दादी मात्र आतल्या खोलीत पडून सारखी वेळ विचारत राहते. तिला न्यू जर्सीत नेलं तर उत्तरं दोन येतील, कारण नागपूरचं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेनऊ किंवा साडेदहा तास पुढे असतं. तिने कुठल्या वेळेत जगायचं?

'संध्याछाया' जुनं झालंय असं मला म्हणायचं नाही. एकटेपणाबद्दल ते खोटं बोलत नाही. पण एकटेपणाचं कारण ते अंतरात शोधतं, म्हणून आपल्याला दोष द्यायला एक माणूस मिळतो. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही आणि पायी जाण्याजोगं जवळ काही नाही, अशा घरात बसलेले नाना-नानीही एकटेच असतील. संध्याकाळी दिनू घरी येईल, चहा करून देईल, औषधांची आठवण करेल. त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. मला ते नाटक बघायचं आहे.