पढविलेली साक्ष आणि मायेची साक्ष

लेकराच्या मुखी खोटे येत नाही, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. ती दूर डेन्मार्कमधील एका लहान गावातही तितकीच दृढ असावी, याचे आम्हांस नवल वाटले नाही. थॉमस विंटरबर्ग यांनी २०१२ साली पडद्यावर आणलेला ‘यागटेन’, म्हणजे ‘शिकार’, हा चित्रपट याच समजुतीवर उभा आहे.

बालवाडीत काम करणारा लुकास हा चिमुरड्या क्लाराचा फार लाडका. तिने मायेने दिलेली भेट तो समजावून परत करतो. मुलगी हिरमुसते, आणि भावाच्या संगतीत कानांवर पडलेले अभद्र शब्द, अर्थ ठाऊक नसताना, लुकासच्या नावे बोलून जाते. चित्रपटाचा प्राण मात्र यानंतरच्या प्रसंगात आहे. बालवाडीची प्रमुख एका परिचित गृहस्थास चौकशीला बोलाविते. त्याच्या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात उत्तर दडलेले. मुलीस बाहेर खेळावयास जावयाचे आहे. अखेर ती मान डोलाविते. पुढे ‘त्याने काहीच केले नाही’ असे ती आईस सांगते, तेव्हा आई म्हणते, तुझे मनच ते विसरू पाहत आहे! म्हणजे होकार तेवढा पुरावा, आणि नकार हाही पुरावाच. मग इतर मुले लुकासच्या घरातील तळघराचे वर्णन करू लागतात. त्या घराला तळघरच नाही.

हे निव्वळ कविकल्पित नव्हे. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेच्या प्रकरणात १९८३ पासून मुलांना अशाच सूचक रीतीने विचारीत गेले. १९९० साली ते एकाही दोषसिद्धीवाचून संपले.

तरीही आमची एक तक्रार आहे. लुकास निर्दोष आहे हे दिग्दर्शक आम्हांस आरंभीच सांगून टाकतात. न्यायाधीशास अशी दिव्यदृष्टी कोठली? मुलांचे बोलणे मानूच नये, असे ठरवून कोणी चित्रगृहाबाहेर पडेल, तर तो अनर्थ होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रामेश्वर खटल्यात, शपथ न दिलेल्या आठ वर्षांच्या मुलीची साक्ष ग्राह्य धरून शिक्षा कायम केली. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारे मूल साक्षीस पात्र ठरते, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व २०२३ च्या नव्या अधिनियमातही टिकले आहे. साक्ष पढविलेली नाही ना, एवढे न्यायालय कसून पाहते.

परंतु पढविणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वैरी उभा राहतो. क्लाराला पढविणारी माणसे तिच्यावर जीव टाकणारी आहेत, आणि आपण पढवीत आहोत याची त्यांना जाणीवही नाही. विंटरबर्ग यांचे खरे यश आम्हांस येथे दिसते.

लुकासच्या भूमिकेसाठी मॅड्स मिकेल्सन यांना कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच. आमच्या मनात अधिक राहिली ती क्लारा झालेली आनिका वेडरकॉप. फरशीवरील रेघांवर पाय पडू नये म्हणून ती अडून उभी राहते. वर्षभराने लुकासच तिला उचलून त्या रेघांपलीकडे नेतो. त्या वेळी दोघांपैकी कोणीही घडल्या गोष्टीविषयी बोलत नाही.